ज्याने उघडले, त्याने मिटवावे

थोरलीचे पणजोबा पोस्टमास्तर होते. त्यांनी त्या काळी शेजारी राहणाऱ्या वकिलांचे भिंतीवरचे घड्याळ उघडले. पणजोबांचे चिरंजीव, म्हणजे थोरलीचे आजोबा, शाळेत भूमिती शिकवीत; त्यांनी ते घड्याळ आणखी उघडले. आजोबांचे चिरंजीव, म्हणजे थोरलीचे वडील, विमा कंपनीत होते आणि जोखीम म्हणजे काय हे त्यांना पगार घेऊन कळलेले होते. त्यांनी घड्याळाची सगळी चक्रे, दांड्या, लंबक, स्प्रिंगा आणि स्क्रू बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरले, डबा माळ्यावर ठेवला आणि हा विषय पुन्हा घरात निघता कामा नये असे बजावले. एवढी पूर्वपीठिका पुरे. ज्या घराण्याला तीन पिढ्यांत एक घड्याळ मिटवता आले नाही, त्याची याहून अधिक वंशावळ सांगण्यात भूषण नाही.

आता पणजोबांनी ते उघडले का, तर ते पोस्टाच्या घड्याळापेक्षा किंचित मागे पडत असे. हे वकिलांना चालत होते, वकिलांच्या अशिलांना चालत होते, पोस्टमास्तरांना चालेना. "पाच मिनिटांत लावून देतो," असे म्हणून ते स्टुलावर चढले. ती पाच मिनिटे अजून चालू होती. वकिलांच्या भिंतीवर काचेचे दार, तबकडी आणि दोन काटे असलेली लाकडी पेटी तेवढी राहिली. आत पोकळी.

घरात विषय निघत नसे हे खरे, पण घराबाहेर तो पाळत ठेवून बसलेला असे. वकिलांची धाकटी लेक, जिला सारे गाव बाईसाहेब म्हणत असे, या घराण्यातले कोणी लग्नात, दवाखान्यात वा बँकेच्या रांगेत दिसले, की अतिशय सभ्यपणे विचारी, "काय, किती वाजले?" पणजोबांनी हा प्रश्न म्हातारपणी ऐकला, आजोबांनी भर वर्गाच्या दारात ऐकला आणि वडिलांनी तर स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत ऐकला. थोरली लहान असताना एकदा बँकेत तिने या प्रश्नाला भिंतीवर पाहून खरी वेळ सांगितली होती. त्या दिवशी वडील रांगेतला नंबर सोडून घरी आले.

असो. गोष्ट घड्याळाची नाही, रिट्रीटची आहे. निदान थोरलीने तरी ती रिट्रीटचीच म्हणून आरंभली होती.

थोरली कॉलेजात दुरुस्ती मंडळाची प्रमुख होती. मंडळाची खोली जिन्याखाली होती. छत उतरते, त्यामुळे सभासदाची ज्येष्ठता त्याच्या कपाळावरच्या टेंगळांवरून ओळखता येई. दर रविवारी लोक रुसलेल्या इस्त्र्या, घरघरणारे पंखे आणि मुके रेडिओ घेऊन येत आणि मुले ते विनामूल्य दुरुस्त करून देत. खोलीत तारा जोडायच्या डाखाचा धूर असे आणि त्या धुराचा वास ज्याच्या नाकात एकदा बसला, त्याला पुढे आयुष्यात कुठलेही अत्तर फारसे पटले नाही. भिंतीवर मंडळाचा एकमेव नियम रंगवलेला होता: ज्याने उघडले, त्याने मिटवावे. अर्धवट उघडलेली वस्तू या हातातून त्या हातात गेली की ती पोरकी होते, असा त्यामागचा अनुभव. हा नियम मंडळाच्या संस्थापकांनी केला होता. पण तो वाचताना थोरलीला दर वेळी आपल्या घराण्यावरच कोणी बोट ठेवले आहे असे वाटे.

मंडळात नव्याने येणाऱ्यांना पूर्वी उमेदवार म्हणत. त्या वर्षी उपप्राचार्य कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना इंटर्न हा शब्द घेऊन आले, म्हणून ते इंटर्न झाले. नाव बदलले तरी नशीब तेच. इंटर्नांनी विजेरी धरायची, स्क्रू हातात द्यायचे आणि खोली झाडायची. उघडायचे काहीच नाही. कारण ज्याने उघडले त्याने मिटवावे, आणि मिटवता येत नाही त्याने उघडू नये. तर्क निर्दोष होता. माणसे पळवून लावणारे तर्क बहुधा निर्दोषच असतात. दर वर्षी नवे येत आणि सहामाहीच्या आत विजेरी ठेवून निघून जात.

त्या वर्षी मात्र प्रश्न जिवावरचा होता. थोरलीसकट सगळे जुने सभासद शेवटच्या वर्षाला होते. इंटर्न उरले होते चौघे: लंबू, चष्मा आणि दोघी जुळ्या बहिणी. हे चौघे टिकले तर मंडळ टिकणार. नाहीतर जिन्याखालची खोली टेबल टेनिसवाल्यांना मिळणार होती. टेबल टेनिसवाली मुले आताशा येता जाता खोलीत टेप घेऊन डोकावू लागली होती. घरात माणूस अंथरुणाला खिळलेला असताना भावकीने जमिनीची मोजणी करावी, तसेच ते.

थोरलीने निदान केले की इंटर्नांना दिशा नाही. आणि ज्याला दिशा नाही त्याला वेळापत्रक द्यावे, ही तिची श्रद्धा होती. घराण्यात सगळे उघडणारे निपजले म्हणून ती हट्टाने आखणारी झाली होती. शाळेत असताना ती सुट्टीचेही वेळापत्रक करी आणि त्यात उनाडण्याला एक तास देई. तिने इंटर्नांसाठी रिट्रीट ठरवली. कामाच्या जागेपासून लांब जायचे, तेथे कामाविषयी पुष्कळ बोलायचे आणि काम मात्र करायचे नाही, असा त्या नवीन शब्दाचा अर्थ तिला कळला होता. सत्रे ठरली: मंडळाचा इतिहास, दुरुस्तीमागील विचार, माझ्या मनातले मंडळ. हत्यारे आणण्यास सक्त मनाई. हातांना विश्रांती, मनाला काम. वेळापत्रक सायक्लोस्टाइलवाल्याकडे छापायला दिले, तर एकदा शाई लावल्यावर थोडक्यात थांबणे त्या माणसाच्या धर्मात बसत नव्हते. त्याने एवढा गठ्ठा काढून दिला की गावातल्या प्रत्येक घराला रिट्रीटला नेता आले असते.

शेजाऱ्यांना सुगावा लागणे अटळ होते. समोरचे निवृत्त कॅप्टन हयातभर सैन्याच्या कोठारावर होते. शत्रू त्यांनी पाहिला नव्हता, पण डबे पुष्कळ पाहिले होते. त्यांनी सांगितले की रिकामा सैनिक डबे फोडतो, तेव्हा एक मिनिट रिकामे ठेवू नकोस. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नेमके उलट सांगितले. त्यांच्या मते आजच्या मुलांना कोणी गप्प बसवत नाही. त्यांच्या खुर्चीत माणूस तोंड उघडे ठेवून गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात त्याला आयुष्याचा अर्थ कळतो. थोरली दोघांचाही मान राखणारी मुलगी. तिने पहिल्या दिवसातले सगळे रिकामे क्षण बुजवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रदीर्घ मौन ठेवले. ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, असे म्हणतात. तिने ऐकावे जनाचे आणि करावेही जनाचेच, असा प्रकार केला, आणि त्याची फळे यथावकाश पाहायला मिळाली.

मग परवानगी. कॉलेजच्या हेडक्लार्ककडे दोनच फायली होत्या, सहल आणि शिबिर. रिट्रीट दोन्हींत बसेना. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारले, "मुली, तिथे जाऊन काही शिकणार आहात का?" थोरली हो म्हणाली. मग ती सहल नव्हे. "आणि मुलांना बरं वाटावं असा काही हेतू आहे का?" त्यालाही ती हो म्हणाली. मग ते शिबिर नव्हे. तीन फेऱ्यांनंतर थोरलीने मुलांना बरे वाटण्याचा हेतू मागे घेतला आणि रिट्रीट शिबिरांच्या फायलीत गेली. शिबिर म्हटले की उद्घाटन आले आणि मार्गदर्शक प्राध्यापक आले. रसायनशास्त्राचे सर तेवढे मोकळे होते. ते नेहमीच मोकळे का असतात हे बाकीच्या प्राध्यापकांना ठाऊक होते. सरांचा जन्माचा विषय गंज हा होता आणि श्रोता मिळाला की ते मागेपुढे पाहत नसत.

राहता राहिली जागा. युवक वसतिगृह टेबल टेनिसवाल्यांनी आधीच अडवून ठेवले होते. दुर्दैवालाही कधीकधी चव असते. एका मैत्रिणीच्या काकांचे शेतघर मिळाले, पण तेथल्या कुत्र्याने पाहणीलाच थोरलीच्या पिशवीचा बंद तोडला. शेवटी एका संध्याकाळी आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "तलावाकाठचं बाईसाहेबांचं घर एवढं मोठं. शनिवार-रविवार त्या बहिणीकडे असतात. रिकामंच असतं." वडिलांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. ते उलटे धरले गेले आहे हे दोघींनाही दिसले.

थोरली बाईसाहेबांकडे गेली. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नव्हता, तरी तिने आधी तब्येतीची, मग बागेची, मग तलावाच्या पाण्याची चौकशी केली. दिवाणखान्यात समोरच्या भिंतीवर ती पोकळ पेटी लटकत होती. काटे पणजोबांनी सोडले तेथेच. बाईसाहेब सत्तरीला टेकल्या होत्या, पण पाठ अशी ताठ की खुर्चीची पाठ केवळ शोभेला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "किती वाजले?"

थोरलीने मान खाली घातली.

"तुझ्या बापापेक्षा बरी आहेस. तो पळतो," बाईसाहेब म्हणाल्या. "घर घे. रविवारी संध्याकाळच्या चहाला मी परत येईन. एकच अट. तुमच्या घराण्याचा हात माझ्या कुठल्याही वस्तूला लागता कामा नये. काही उघडायचं नाही."

थोरलीने शब्द दिला. इतका सोपा शब्द देताना तिला हसूही आले. हत्यारांना बंदी तिने स्वतःच घातली होती.

निघायच्या सकाळी सामान वडिलांनी भरले. हे नवल होते. विमा कंपनीची बॅग सोडून त्यांनी कधी काही भरल्याचे कोणाला आठवत नव्हते. चहाबरोबरच्या बिस्किटांचा डबा त्यांनी अगदी तळाशी, टॉवेलात गुंडाळून ठेवला.

पहिला दिवस वेळापत्रकाप्रमाणे सुरू झाला, एवढेच त्याच्या बाजूने सांगता येईल. उद्घाटनाला सर उभे राहिले. "लोखंडाला हवा लागते, मग पाणी लागते, आणि मग," असे म्हणून त्यांनी जो आरंभ केला तो जेवणाची वेळ गंजून गेली तरी संपेना. मंडळाचा इतिहास उकडलेल्या बटाट्यांबरोबर आटपावा लागला. त्यात थोरलीचे मनगटी घड्याळ मागे आणि सरांचे पुढे. घरात तिसरे चालते घड्याळ नाही, आणि ते का नाही हे विचारण्याची सोय नाही. दोघी जुळ्या सरांच्या वेळेने सत्राला येत आणि लंबू नि चष्मा थोरलीच्या वेळेने, त्यामुळे प्रत्येक सत्र दोनदा सुरू होई आणि एकदाही संपत नसे. माझ्या मनातले मंडळ या चर्चेत लंबूच्या मनात काही नव्हते. चष्म्याच्या मनात पुष्कळ होते, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसे, पण तो म्हणाला, "सध्या काही नाही, ताई." हे 'सध्या काही नाही' थोरलीच्या ओळखीचे होते. मागच्या वर्षीचे उमेदवार जाण्यापूर्वी नेमके हेच बोलले होते.

चहाच्या वेळी तिने सरांपुढे बिस्किटांचा डबा उघडून धरला. सरांनी बोलता बोलता हात घातला आणि एक पितळी चक्र चहात बुडवले.

थोरलीने डब्यात पाहिले. तो डबा ती झाकणाच्या पोचावरून अंधारातही ओळखू शकली असती. लहानपणी आजारी पडली, की आई माळ्यावरून तो डबा गुपचूप काढून तिच्या अंथरुणावर देई. इतर मुलींना बाहुल्या होत्या. थोरलीला चक्रांचे कुटुंब होते. सगळ्यात मोठे दातेरी चक्र आजोबा, त्याला टेकणारे बाबा, आणि सगळ्यात धाकटे, तिरक्या दातांचे, ती स्वतः. दोन पितळी पत्र्यांच्या मध्ये हे कुटुंब नीट बसवायचे आणि बोटाने आजोबांना ढकलायचे, की शेवटी धाकटी गिरकी घेई. वडील कामावरून यायच्या आत सगळे पुन्हा डब्यात. वडिलांना हे ठाऊक नाही, अशी मायलेकींची समजूत होती.

बाईसाहेबांच्या घरात, बाईसाहेबांच्या पेटीखाली, हा डबा! थोरलीने झाकण लावले आणि बिस्किटे संपली असे जाहीर केले. सरांनी ते चक्र रुमालाने पुसून परत दिले आणि पितळ गंजत नाही, काळवंडते, एवढेच सांगितले. बिचाऱ्यांनी थोडक्यात आटपलेले ते एकमेव वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौन आले. डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याप्रमाणे थोरलीने प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवले. बोलायचे नाही, बाहेर यायचे नाही, शांतपणे आत डोकवायचे. जुळ्यांना वेगळे करणे क्रूरपणाचे झाले असते, म्हणून त्यांना एक खोली. सर व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले आणि त्यांचे मौन लवकरच घोरू लागले.

आता येथे त्या घराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी थोरलीने आधीच ओळखायला हवी होती. घड्याळाची ती दशा झाल्यापासून त्या घरात कोणालाही, काहीही उघडू दिलेले नव्हते. पंखा थांबला, थांबला. रेडिओ मुका झाला, झाला. त्यावर विणलेला रुमाल घालायचा आणि पुढे चालायचे. अशा रीतीने ते घर म्हणजे बंद पडलेल्या वस्तूंचे, वर्षानुवर्षे कोणाची तरी वाट पाहत असलेले, एक मोठे प्रतीक्षालय झाले होते. आणि अशा घरात थोरलीने, सहा महिने नुसती विजेरी धरून हात शिवशिवलेली चार मुले, एकेका खोलीत, देखरेखीशिवाय, आत डोकावण्याची आज्ञा देऊन सोडली होती.

थोरली स्वतः दिवाणखान्यात बसली. थोडा वेळ तिने खरोखर चिंतन केले. मग डबा नुसता पाहण्यासाठी उघडला. मग आजोबा-चक्र नुसते हातात घेतले. मौनाची वेळ कधी उलटून गेली ते तिला कळलेच नाही, आणि भानावर आली तेव्हा पुढ्यातल्या जमिनीवर सगळे कुटुंब पितळी पत्र्यांत बसून वरच्या पत्र्याची वाट पाहत होते.

ती धडपडत उठली आणि जेवणघरात गेली. लंबू टेबलावर उभा होता. त्याला शिडी लागत नव्हती. छताच्या पंख्याची पाती चार खुर्च्यांवर पाहुण्यांसारखी बसली होती. वाचनाच्या खोलीत चष्म्याने रेडिओची पाठ काढली होती. शिवणाच्या खोलीत एका जुळीने शिवणयंत्र वरून उघडले होते, दुसरीने खालून, आणि मौन पाळायचे म्हणून दोघी हातवारे करून भांडत होत्या. प्रत्येकाच्या खिशातून एकेक स्क्रू ड्रायव्हर आला होता. "हत्यारं म्हणजे मोठी हत्यारं वाटली," लंबू म्हणाला.

थोरलीच्या डोळ्यांपुढे चहा आला, चहाबरोबर बाईसाहेब आल्या, आणि बाईसाहेबांबरोबर चौथी पिढी आली. पणजोबांनी एक वस्तू उघडली होती. तिने घरच उघडले होते.

ती चष्म्याच्या शेजारी बसली आणि स्क्रू ड्रायव्हरसाठी हात पुढे केला. रेडिओ मिटवणे तिच्या डाव्या हातचा मळ होता. पंखाही. मनावर घेतले तर जेवणापर्यंत सगळे पूर्ववत झाले असते आणि कोणाला काही कळलेही नसते. चष्म्याने स्क्रू ड्रायव्हर दिला नाही. छातीशी धरला.

"ताई, उघडलंय मी," तो म्हणाला. "मिटवणारही मीच."

"तुला येत नाही."

"नाहीच येत. पण हा इथेही तुमच्या हातात दिला ना, तर मी परत विजेरी धरणार नाही. खरंच सांगतो."

मागे लंबू पंख्याचे पाते पोटाशी धरून उभा होता. जुळ्याही दारात आल्या होत्या. चौघांच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट लिहिलेली होती आणि ती वाचायला भिंतीवरचा नियम लागत नव्हता. बाईसाहेबांपुढे घराण्याची अब्रू राखायची, की ही चार मुले? थोरलीने हात मागे घेतला. तो पुन्हा पुढे जाऊ नये म्हणून पाठीमागे दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"स्क्रू ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने मांडा," ती म्हणाली. "कागद घ्या."

कागद पुष्कळ होते. वेळापत्रकांचा तो सगळा गठ्ठा पाठकोरा कामी आला. इतिहासाच्या पाठीवर पंख्याचे स्क्रू, विचारांच्या पाठीवर रेडिओचे, आणि मनातल्या मंडळावर जुळ्यांनी मधोमध रेघ ओढून शिवणयंत्राची वाटणी केली. थोरली या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली आणि फक्त तोंडाने सांगत राहिली. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात अवघड काम. दुसऱ्याच्या हातातला स्क्रू वाकडा जाताना पाहणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. सर जागे झाले, त्यांना कोणीतरी रॉकेल आणि सूपचे भांडे दिले, आणि आयुष्यभर गंजावर बोललेला तो माणूस बाह्या सरसावून प्रत्यक्ष गंज काढू लागला. तो आनंद पाहण्यासारखा होता. ते तासन् तास एक अक्षर बोलले नाहीत.

पंखा फिरला. शिवणयंत्राने टाके घातले. रेडिओ प्रथम खोकला, मग कुठल्याशा दूरच्या गावाचे हवामान सांगू लागला, आणि चष्म्याने ते हवामान आपल्याच मुलाचा निकाल ऐकावा तसे ऐकले. मग चौघेही दिवाणखान्यात आले आणि जमिनीवरच्या चक्रांभोवती बसले.

"हे कोणी उघडलं?" एका जुळीने विचारले.

"आमच्या घराने," थोरली म्हणाली. दुसरीने मिटवायचे कोणी हे विचारले नाही. वरचा पितळी पत्रा उचलून थोरलीच्या हातात दिला, लंबूने विजेरी धरली, आणि या वेळी ती धरताना कोणी जांभई दिली नाही. दिलेला शब्द मोडून थोरली स्टुलावर चढली. काचेचे दार उघडले, यंत्र पेटीत बसवले, लंबक अडकवला आणि दार लावले. घड्याळ मिटले. चालले मात्र नाही. त्याला किल्ली द्यायला किल्ली नव्हती. डब्यात किल्ली कधीच नव्हती.

त्या वर्षीचे चौघेही इंटर्न टिकले. पुढे इंटर्नांना पहिल्याच रविवारी एक वस्तू उघडायला देण्याची रीत पडली, चष्मा मंडळाचा प्रमुख झाला, आणि टेबल टेनिसवाल्यांनी टेप गुंडाळून ठेवली. पण हे सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी फाटकाशी मोटार थांबली तेव्हा यातले काहीच कोणाला ठाऊक नव्हते, आणि सरांसकट सगळे परीक्षेच्या रांगेसारखे भिंतीला लागून उभे होते.

बाईसाहेब दारातच थांबल्या. वरती पंखा फिरत होता. आतून रेडिओचा आवाज येत होता. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"काय सांगितलं होतं मी?"

"उघडलं आम्ही," चष्मा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "मिटवलं पण आम्हीच."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्या भिंतीकडे पाहत होत्या. काचेमागे, जेथे एवढी वर्षे पोकळी होती तेथे, लंबक दिसत होता. केवळ जन्माच्या सवयीने त्यांच्या तोंडातून प्रश्न आला. पण या खेपेस त्याला धार नव्हती.

"किती वाजले?"

"किल्ली दिलीत," थोरली म्हणाली, "तर सांगते."

बाईसाहेबांचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. त्यातली एक किल्ली कुठल्याच कुलुपाची नव्हती. फुलपाखरासारखी, दोन पंखांची, झिजून गुळगुळीत झालेली. त्यांनी ती थोरलीला दिली नाही. "स्टूल धरा," त्या म्हणाल्या. जुळ्यांनी स्टूल धरले, थोरलीने बाईसाहेबांचा हात धरला, आणि सत्तरीची ती बाई हळूहळू वर चढली.

"मी सात वर्षांची झाले तेव्हा वडिलांनी ही किल्ली मला दिली," त्या पाठमोऱ्याच बोलल्या. "म्हणाले, आता दर रविवारी घड्याळाला किल्ली तू द्यायचीस. आणि त्याच आठवड्यात तुझे पणजोबा पाच मिनिटांसाठी आले."

त्यांनी किल्ली दिली. एकेक पीळ सावकाश. लंबकाला बोट लावले. टिक्, आणि मग टक्. त्यांनी सरांच्या आणि थोरलीच्या घड्याळांच्या मधली वेळ काढून मोठा काटा फिरवला, आणि घड्याळ वाजू लागले.

पाच वाजायचे होते. पाच ठोके पडले, सहावा पडला, मग सातवा. बारा होऊन गेले तरी ते थांबेना. थोरलीचे तोंड उतरले. ठोके मोजून थांबवणारी अडणी चुकीच्या दात्यावर बसली होती. "उतरवते," ती म्हणाली. "पाच मिनिटांत..." आणि जीभ चावली.

"हात लावू नकोस," बाईसाहेब म्हणाल्या. "वाजू दे. एवढ्या वर्षांचं राहिलं आहे."

त्या स्टुलावरून उतरल्या, कोपऱ्यातल्या फोनपाशी गेल्या आणि पाठ असलेला नंबर फिरवला. तो नंबर त्यांना पाठ असेल असे थोरलीला कधी वाटले नव्हते. पलीकडे वडिलांचा आवाज आला. बाईसाहेब रिसीव्हर घड्याळाच्या दिशेने धरून उभ्या राहिल्या. ठोके पडत राहिले. सर मान डोलावत होते, जुळ्या एकमेकींचा हात धरून होत्या, आणि ठोके पोस्टमास्तरांचे, भूमितीच्या मास्तरांचे, बँकेच्या रांगांचे, पंगतीचे, असे एकामागून एक पडत राहिले. स्प्रिंग सैलावत गेली तसे संथ होत गेले, आणि शेवटचा ठोका मोठा श्वास सोडावा तसा पडला आणि ठोके थांबले.

बाईसाहेबांनी रिसीव्हर कानाला लावला. मग वडिलांनी घसा खाकरून जे विचारले ते दिवाणखान्यात सगळ्यांना ऐकू आले.

"किती वाजले?"

"सगळे," बाईसाहेब म्हणाल्या. "फिटलं."